दुसऱ्या टोकाचे हात

फोनवरचा माणूस बोलण्याआधी दोनदा खाकरला, दार ढकलण्याआधी कडी वाजवावी तसा, आणि नालुकुईचा हात लॅपटॉपवर होता तिथेच राहिला.

"मॅडम टेंबो, सिस्टर लिसेलींनी फोन माझ्याकडे दिलाय," तो म्हणाला. "मी इथला रेकॉर्डच्या खोलीतला माणूस. मशिनसमोरच उभा आहे. काय करायचं ते सांगा, शा."

तो 'शा' तिला चटका बसावा तसा लागला. झांबेझीकाठचा लोझी माणूस आदराने बोलताना वाक्याच्या शेवटी हा शब्द लावतोच. कंडक्टरला लावतो, मासेवालीला लावतो. पण हा माणूस लहानपणी तिला 'ए बेडके' म्हणून हाक मारायचा. अकुफुनाच होता. तिचा मोठा भाऊ. अकरा वर्षांत आवाज जाड झाला होता, मध्येच चिरत होता, पण ते खाकरणं काही कुणाकडून उसनं आणता येत नाही. तिला वाटलं, फोन ठेवून द्यावा. लाइन गेली म्हणावं. ऑक्टोबरात लुसाकामध्ये काहीही जातं, वीज जाते, नळ जातो, लाइन गेली यावर कोण विश्वास ठेवणार नाही? शेजारच्या ॲडव्हेंटिस्ट चर्चमध्ये शनिवारची गाणी सुरू झाली होती, बायकांच्या आवाजात एक पुरुषी आवाज सारखा मागे पडत होता, आणि तिला उगाचच त्या माणसाचा राग आला. ती उठली, खिडकी लावून आली, पुन्हा बसली आणि इंग्रजीत म्हणाली, "गुड मॉर्निंग. सुरुवात करू या." आपल्या इंग्रजीत घरचं काही उरलेलं नाही अशी तिची खात्री होती. ते ऑफिसचं इंग्रजी होतं, इस्त्री केलेलं.

काम साधं होतं, निदान आज सकाळपर्यंत साधं वाटलं होतं. झांबेझीच्या पलीकडे लिकुलुवे गावात मिशनचं एक छोटं हॉस्पिटल होतं. तिथल्या मशिनमध्ये एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या साडेनऊशे माणसांची नोंद होती; कोण कधीपासून येतो, कुणाला कुठलं औषध, कुणाला कुठलं सोसत नाही. गेल्या आठवड्यात गेलेली वीज परत आली ती भडकूनच आली आणि मशिन उठेना. सोमवार औषधांचा दिवस. त्या दिवशी माणसं बैलगाडीने, होडीने, वाळूतून दिवस दिवस चालत येतात. नोंदच नसेल तर सिस्टर कुणाच्या हातात काय ठेवणार? म्हणून नालुकुईने मंगळवारी बसने एक डिस्क आणि एक पेन ड्राइव्ह पाठवली होती. पेन ड्राइव्हवर मशिन चालवणारी लिनक्स प्रणाली नव्हतीच खरं तर, ती आणायला जाणारा एक हरकाम्या होता. तो मशिनला जागं करतो, नेट शोधतो, आणि मग बाकीचं सगळं तुकड्यातुकड्यांनी छपरावरच्या डिशमधून उतरवून घेतो. एकदा मशिनने आपला पत्ता सांगितला की तिला इथे, सातशे किलोमीटरवर, लुसाकाच्या चिलेंजे भागातल्या आपल्या जेवणाच्या टेबलाशी बसून आत शिरता येणार होतं. फक्त पहिली काही बटणं तिथल्याच कुणाच्या तरी हातांनी दाबावी लागतात. असे हात तिने आजवर पुष्कळ वापरले होते. ते कुणाचे आहेत हे विचारायची वेळ कधी आली नव्हती.

"मशिन सुरू करा आणि लगेच एफ बारा दाबत राहा."

"दाबतोय, शा. किती वेळ?"

"यादी दिसेपर्यंत."

"दिसली. चार ओळी आहेत. वाचू?"

तो वाचू लागला, एकेक अक्षर बोटाखाली धरून, आणि ती ते बोट बघू शकत होती. त्याच बोटांनी त्याने वडिलांचा रेडिओ उघडला होता, पुराच्या दिवसांत, गावाच्या उंचवट्याभोवती चहूकडे पाणी आणि कुठे जायला जागा नाही अशा एका दुपारी. रेडिओचे सगळे भाग त्याने चटईवर मांडले होते आणि ती राखणीला बसली होती, वडील येताना दिसले तर शीळ घालायला. तिला शीळ येत नव्हती. मग तिने बेडकासारखा आवाज काढला आणि तेव्हापासून ती बेडकी झाली. रेडिओ परत जोडला तेव्हा तीन स्क्रू उरले. तरी तो वाजला. अकुफुना ते तीन स्क्रू तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसला होता. तिला अजूनही कळत नव्हतं की त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा आनंद होता की भीती.

"मॅडम? आता परवलीचा शब्द मागतंय."

"तुम्हीच ठरवा एखादा. दोनदा टाइप करा आणि मला अक्षरं सांगा. त्याशिवाय मला आत येता येणार नाही."

पलीकडे बटणांचा आवाज आला, सावकाश, एका बोटाने. पुन्हा तोच, दुसऱ्यांदा. मग पत्त्याचे आकडे आले. दहा, टिंब, आठ, टिंब. पाण्यापलीकडच्या माणसाला ओरडून सांगावं तसे, प्रत्येक आकड्यानंतर थांबून. मग अक्षरं. परवलीचा शब्द टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, त्यामुळे ती आंधळ्यासारखी एकेक अक्षर ठोकत गेली आणि शेवटची दोन राहिली असताना तिला शब्द कळला. बेडकी. लोझीमध्ये, सगळी अक्षरं लहान.

"हा शब्द चालेल ना, मॅडम?" तो म्हणाला. आवाजात काही नव्हतं. पोस्टातला कारकून विचारतो तसं विचारलं त्याने.

"चालेल," ती इंग्रजीतच म्हणाली आणि एंटर दाबलं.

ती आत शिरली. निळा पडदा उघडला, तोच, शंभरदा बघितलेला. भाषा कुठली, देश कुठला, घड्याळ कुठल्या गावाचं, मशिनला नाव काय द्यायचं. ती भराभर उत्तरं देत गेली, गरजेपेक्षा भराभर, आणि कानाला लावलेल्या फोनमध्ये त्याचा श्वास ऐकत राहिली. म्हणजे त्याला माहीत होतं. केव्हापासून? माहीत असूनही तो मॅडम म्हणत होता, शा म्हणत होता. हा टोमणा होता की संकोच? तिला काहीच ठरवता येईना. दोन वाजता तिच्या घराची वीज जाणार होती. तिकडे चारनंतर हॉस्पिटलची सौर बॅटरी फक्त बाळंतिणींच्या खोलीसाठी राखून ठेवत. पावणेअकरा वाजले होते. घाई करायला हवी, असं ती स्वतःला सांगत होती. घाई करण्याचं कारण वेळ नव्हे हेही तिला कळत होतं.

मग पडद्यावर डिस्क आल्या. दोन. एकच असायला हवी होती. जुनी डिस्क, जिच्यात साडेनऊशे माणसं होती, ती काढून ठेवा, आधी नवीच लावा, असं तिने सांगायला हवं होतं, आणि मंगळवारच्या धांदलीत सांगायचं राहून गेलं होतं. दोन्ही एका मापाच्या. नवी म्हणून पाठवलेलीसुद्धा कुठल्याशा बंद पडलेल्या मशिनमधून काढलेली होती, तिच्यावरही तसेच कप्पे पाडलेले. एक निवडायची. जी निवडू ती पुसली जाणार.

"दोन्ही डिस्क लावल्यात का तुम्ही?"

"लावल्यात. सिस्टर म्हणाल्या, लावा."

जुनी बहुधा पहिली असणार. नव्वद टक्के पहिलीच. मशिन आधीपासूनच्या डिस्कला आधी मोजतं. नेहमी नाही, पण बहुतेक वेळा. ती बाण दुसऱ्या ओळीवर आणून थांबली. असले अंदाज तिने आयुष्यभर केले होते आणि ते बहुतेक बरोबर निघाले होते, त्यावरच तर ती ऑफिसात मोठी झाली होती.

"एक मिनिट थांबा हं. मला वाटतं, दुसरीच..."

"नालुकुई," तो म्हणाला. "इंग्रजी पुरे झालं. तुला वाटतं की तुला माहीत आहे?"

चर्चमधलं गाणं खिडकीतून झिरपत होतं. आता सगळे आवाज एकत्र होते.

"कधी ओळखलंत?" ती लोझीत म्हणाली. अकरा वर्षांनी भावाशी आपल्या भाषेत बोललेलं हे पहिलं वाक्य आहे आणि ते असं हडकुळं आहे याची तिला लाज वाटली.

"कधी काय? लुसाकाहून मॅडम टेंबो बोलणार, असं सिस्टर मंगळवारीच म्हणाल्या. त्या टेंबोशी लग्न कुणी केलं, ते मला ठाऊक नाही होय? बरं, ते राहू दे. सांग. वाटतं की माहीत आहे?"

"वाटतं."

"मग मी मशिन बंद करतो. जुन्या डिस्कची वायर काढतो. आणि पुन्हा पहिल्यापासून."

"यायाऽ," मोठ्या भावाला मारायची ती जुनी हाक तिच्या तोंडून निसटली, "तासभर गेलाय त्यात! चारला तुमची वीज जाईल, दोनला माझी. पुन्हा सगळं—"

"जाऊ दे."

"मी रोज हेच काम करते. तुम्हाला नाही कळायचं—"

"मला मशिन कळत नाही," तो म्हणाला. "माणसं कळतात. सोमवारी इथे दारात ती मी उभी करतो. तू नाही."

यावर तिच्याकडे उत्तर होतं. तिच्याकडे नेहमीच उत्तर असे. अकरा वर्षांपूर्वी, आईच्या आजारपणातही होतं. तेव्हा तो टेकडीवर चढून फोन करायचा, कारण लाइन फक्त तिथेच मिळायची, आणि वारा सगळा फोनमध्ये शिरायचा. आईच्या पोटात गाठ आहे, हाताला लागते, तिला लुसाकाला आणतो. आणि ती म्हणाली होती, या आठवड्यात माझी परीक्षा आहे, मी मोठ्या डॉक्टरची चौदा तारीख घेतलीय, चौदाला आणा. व्यवस्थित, वहीत लिहून घेतलेली तारीख. आई अकराला गेली. मातीच्या दिवशी बायका चटयांवर बसल्या होत्या, कुणीतरी तिला पाणी दिलं होतं, आणि तो सगळ्यांच्या मधोमध उभा राहून म्हणाला होता, 'या बघा, लुसाकाच्या मॅडम आल्या. यांनी आईला तारीख दिली होती.' तो ओरडला नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. तिने भांडं खाली ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने ती निघून आली, आणि सबंध वाटभर मनातल्या मनात उत्तरं देत राहिली. तारीख मिळणंच कठीण असतं. लोकांना सहा-सहा महिने मिळत नाही. अकराला कुणाला काय माहीत होतं? प्रत्येक उत्तर बरोबर होतं. गेली अकरा वर्षं ती ती उत्तरं पुन्हापुन्हा घासून लख्ख करत आली होती, भांडी घासताना, गाडी चालवताना, नवरा दुसऱ्या बाईकडे राहायला गेला त्या रात्रीसुद्धा. आणि आता तिच्या लक्षात आलं की त्या सगळ्या उत्तरांमध्ये तिला जे म्हणायचं होतं ते एवढंच होतं: मला वाटलं होतं. मला माहीत नव्हतं, मला वाटलं होतं.

"नालुकुई?"

"करा बंद," ती म्हणाली.

पडदा गोठला. मग तिच्या समोरची खिडकी मेली. पलीकडून झाकणाचे स्क्रू निघाल्याचा आवाज येऊ लागला. तो स्वतःशीच पुटपुटत होता, कुणाचा चष्मा तरी मागत होता, कुणीतरी हसलं. "डिस्कवरचा कागद वाचतो," तो म्हणाला, "जुनीवर सिस्टरांनी पेनाने गावाचं नाव लिहिलंय. हं. ही काढली. वायर दोन आहेत, दोन्ही काढल्या. आता तू म्हणालीस तरी पुसता येणार नाही." शेवटचं वाक्य त्याने जरा चढ्या आवाजात म्हटलं, पण त्यात एक मिश्कीलपणा होता, आणि ती हसली. हसू अनपेक्षित आलं म्हणून तिने तोंडावर हात धरला, जणू कुणी बघत होतं.

पुन्हा एफ बारा. पुन्हा चार ओळी. पुन्हा तोच परवलीचा शब्द. आता तिने तो एका दमात मारला. या वेळी पडद्यावर एकच डिस्क होती, आणि तरी ती पुसण्याआधी तिने ती ओळ दोनदा वाचली. मग सामान उतरायला लागलं. पट्टी भरू लागली, एक टक्का, दोन टक्के, छपरावरच्या त्या डिशमधून, उन्हातून. यापुढे करण्यासारखं दोघांनाही काही नव्हतं. फोन ठेवता आला असता. कुणीच ठेवला नाही.

"जेवलीस?" त्याने विचारलं.

"नाही अजून. तुम्ही?"

"इथं काय, मक्याच्या पिठाचं बुहोबे आणि आंबलेलं दूध. दुष्काळात गाईंनी दूध दिलं हेच पुष्कळ. तुझी मुलगी?"

"बोर्डिंगला आहे. दहावीला." तिला मुलगी आहे हेही त्याला माहीत होतं. "तुम्ही हॉस्पिटलात कधीपासून? मासेमारी सोडली?"

"झाली वर्षं," तो म्हणाला आणि विषय तिथेच ठेवला.

एकसष्ट टक्क्यांवर पट्टी थांबली. मिनिट गेलं, तीन गेली. तिने बटणं दाबून पाहिली, राउटरचे दिवे पाहिले, उठून स्वयंपाकघरात गेली, पाणी न पिताच परत आली. "डिशची लाइन गेलीय," ती म्हणाली. "बंद करून पुन्हा सुरू करू का? पंधरा मिनिटांत आली नाही तर सगळं तुटेल."

"वारा सुटलाय इथे. वावटळ आहे. जाईल ती. बस तू."

"बसवत नाही मला."

"ते माहीत आहे मला. होडीत उभी राहायचीस. दोनदा पाडलंस मला पाण्यात. बस."

ती बसली. हात मांडीखाली घेऊन बसली, लहान मुलीसारखी. पट्टी हलत नव्हती, आणि पलीकडे वावटळीत पत्रे वाजत होते, आणि त्याला श्वास घेताना किंचित धाप लागत होती, हे तिला आता प्रथमच ऐकू आलं. चाळीस पायऱ्या चढून आल्यासारखी. तो तर नुसता स्टुलावर बसला होता. तिने विचारायचं ठरवलं आणि विचारलं नाही. अकराव्या मिनिटाला एकसष्टचे बासष्ट झाले.

दोनला तिच्या पंख्याची पाती मंदावत थांबली. राउटर इन्व्हर्टरवर होता, लॅपटॉपमध्ये जीव होता. तीन वाजायला दहा मिनिटं असताना मशिनने सांगितलं, झालं, पेन ड्राइव्ह काढा. त्याने काढली. मशिन स्वतःच्या पायांवर उठलं. मग बंद करून जुनी डिस्क परत जोडली, आणि ती आत जाऊन एकेक दार उघडत गेली. फायली होत्या. सगळ्या होत्या. नोंदींचा प्रोग्राम चालवायला आणखी वीस मिनिटं गेली आणि तो उघडला तेव्हा तिचे खांदे दुखत असल्याचं तिला कळलं.

"आता ताडून बघायला हवं," ती म्हणाली. "कुणाचं तरी कार्ड असेल ना तिथे? एक नोंद उघडते. माझ्याकडचं आणि कागदावरचं जुळायला हवं. कुणाची परवानगी घेऊन—"

"नंबर घे," तो म्हणाला. "चारशे सतरा. परवानगी आहे. मोठ्याने वाच, कार्ड माझ्या हातात आहे."

तिने नंबर टाकला. नाव आलं आणि ती वाचू शकली नाही.

"वाच," तो म्हणाला.

"अकुफुना सितुम्बेको."

"बरोबर."

"जन्म, एकोणीसशे त्र्याहत्तर."

"बरोबर. पुढे."

"पहिली तपासणी, मार्च दोन हजार पंधरा. वजन..." ती थांबली. "वजन त्रेचाळीस किलो."

"बरोबर."

मार्च दोन हजार पंधरा. मार्च दोन हजार पंधरामध्ये आपण काय करत होतो? तिला चटकन आठवलं, आणि ते आठवलं याचाच तिला धक्का बसला. ह्याच घराच्या स्वयंपाकघरातल्या फरशा. रंग पसंत पडला नाही म्हणून ती दोनदा दुकानात जाऊन भांडून आली होती. त्रेचाळीस किलो. ज्याच्या खांद्यावर ती पूर ओलांडून शाळेला जायची तो माणूस, त्रेचाळीस किलो. तिने खाली फरशांकडे पाहिलं. त्या फिकट पिवळ्या होत्या आणि वाईट नव्हत्या.

"आईचं नाव," तो म्हणाला. "ती ओळ राहिली."

"नामातामा. हयात नाही."

"बरोबर."

मग ती पुढच्या रकान्याकडे गेली. जवळचं माणूस. काही झालं तर कुणाला कळवायचं. तिथे नालुकुई सितुम्बेको असं लिहिलं होतं. बहीण. लुसाका. टेंबो नव्हे, माहेरचंच नाव. आणि खाली फोन नंबर, तिचा, आईच्या मातीनंतर महिन्याभराने तिने टाकून दिलेला. गावाकडून फोन येऊ नयेत म्हणूनच टाकून दिलेला.

तिने ते सगळं वाचून दाखवलं, नंबरासकट. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"हा नंबर," ती म्हणाली, "कुणी कधी लावला होता?"

"एकदा. सिस्टरांनी. मी शुद्धीवर नव्हतो तेव्हा." तो अगदी सहज म्हणाला. "नंतर सांगितलं त्यांनी. हा नंबर वापरात नाही, असं बोलली म्हणे फोनमधली बाई."

"मग बदललं का नाही? दुसऱ्या कुणाचं तरी नाव..."

"दुसरं कुणाचं?" तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता.

लॅपटॉपचा कोपरा लाल झाला होता, बॅटरीची नऊ मिनिटं उरली होती. तिने नंबरावर जाऊन तो पुसला, एकेक आकडा, आणि त्या जागी नवा टाकला. एक आकडा चुकला. पुन्हा टाकला. साठवण्याचं बटण दाबण्याआधी ती थांबली आणि तीनदा ताडून पाहिला. स्वतःचाच नंबर, रोज दहा ठिकाणी लिहिणारी ती. मग दाबलं.

"तुझं मशिनमध्ये लिहून झालं," तो म्हणाला. "नंबर कार्डावरही लिहायला हवा. सांग."

तिने सांगितला. तो लिहीत असल्याचा आवाज येत होता.

"हा ऑफिसचा फोन आहे ना, ज्यावर तू बोलतेयस?"

"हो."

"मग ठेव तो. मी लावून बघतो. नुसतं लिहिल्याने काय कळतंय."

लाइन कटली. तिने आपला फोन पिशवीतून काढून टेबलावर समोर ठेवला. खोलीत पंखा नव्हता, गाणं केव्हाच थांबलं होतं, आणि चर्चमधून निघालेली माणसं गेटवर मोठमोठ्याने निरोप घेत होती. ती फोनकडे बघत बसली. तिकडे लाइन नेहमी मिळत नाही. आता तो उठून बाहेर गेला असेल, त्या वाळूतून, धापा टाकत, कुठल्यातरी उंच जागेकडे. विचारायला हवं होतं धापेचं. लॅपटॉपचा पडदा काळा झाला तरी ती हलली नाही.

फोन वाजला.

"लागला," तो म्हणाला.

"लागला, याया," ती म्हणाली, आणि मग तिला रडू कोसळलं, आणि तो पलीकडे लाइन न तोडता उभा राहिला.